बाटली, काच आणि पीपीचं झाकण: यूव्ही छपाईआधीच्या कोटिंगच्या नोंदी

९ जून २०२५

काम पक्कं झालं. एका पतसंस्थेची वार्षिक सभा सप्टेंबरअखेर आहे. सभासदांना पावडर कोटिंग केलेली (भुकटीचा रंग भट्टीत भाजून बसवलेली) स्टीलची बाटली, ठेवीदारांना पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या) झाकणाचा डबा, माजी संचालकांच्या सत्काराला १० मिलिमीटर काचेची सन्मानचिन्हं आणि टेबलावर ठेवायला थोडे अ‍ॅक्रिलिकचे स्टँड. सगळ्यावर संस्थेचं बोधचिन्ह, काचेवर शिवाय नावं.

आमचं वर्कशॉप कोल्हापूरच्या उद्यमनगरात. यूव्ही छपाईचं (अतिनील उजेडाने इंक घट्ट करणारं) मशिन ६० बाय ९० सेंटिमीटर बेडचं, बाटल्या फिरवत छापायला रोटरी, ३९५ नॅनोमीटरचा एलईडी दिवा, चार रंग, पांढरा आणि व्हार्निश. इंक साधी, मशिनबरोबर येते तीच.

अशा मिश्र मालाची कामं आता सगळीकडे येतात आणि "कुठला प्रायमर (इंकला पकड मिळावी म्हणून आधी लावायचा थर) घेऊ" हा प्रश्न जो तो विचारतो, म्हणून जे करू ते इथे तारखेनिशी लिहून ठेवतोय. आमच्या दृष्टीने निकष एकच आहे: वस्तू घरी गेल्यावर तिचं काय होणार? शोकेसमधल्या ट्रॉफीवरची छपाई कोणी घासत नाही. बाटली आणि डबा रोज सिंकमध्ये जातो, रात्रभर पाण्यात पडतो, सकाळी घासणीखाली येतो. तिथे टिकलं तर कोटिंग जमलं असं धरायचं.

म्हणून चाचणी आधी ठरवली. ब्लेडने एकेक मिलिमीटरवर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा, म्हणजे पंचवीस चौकोन. त्यावर टेप दाबून बसवायची आणि ओढायची. मग वस्तू रात्रभर पाण्यात, सकाळी पुसून नवीन जागी परत रेघा, परत टेप. शेवटी हिरवी घासणी, भांड्यांचा साबण, शंभर फेरे. रंग झिजून मंद झाला तर चालेल, कपची उडता कामा नये.

रेघांच्या चाचणीचे दोन मापदंड आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांच्या उलट चालतात. आयएसओ २४०९ मध्ये ० म्हणजे उत्तम आणि ५ म्हणजे सगळं गेलं. एएसटीएम डी ३३५९ मध्ये ५बी उत्तम, ०बी म्हणजे गेलं. प्रायमरच्या माहितीपत्रकावर नुसता "५" छापलेला दिसला तर कुठला ५ हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

१२ जून

आधी काहीच न लावता, कपड्याने पुसून छापलं. कुठे किती बिघडतंय हे कळायला हा नमुना हवाच.

पीपीवर टेपबरोबर अख्खं बोधचिन्ह निघून आलं, रेघा मारायचीही गरज पडली नाही. काचेवर लगेच ओढलेल्या टेपने काही गेलं नाही, पण रात्रभर पाण्यात ठेवल्यावर नखाने कडा उचलली तशी सलग पट्टी सुटली. बाटल्या दोन प्रकारच्या आल्यात, चकचकीत निळी आणि मॅट काळी. मशिनवरून उतरल्याबरोबर दोन्ही पास. दुसऱ्या दिवशी पाण्यातून काढल्यावर निळीचे कोपऱ्याचे चौकोन गेले आणि काळीचं जवळपास सगळंच गेलं.

बाजारात "टेप मारून दाखवतो" म्हणून जी खात्री देतात ती पहिल्या पाच मिनिटांची असते. यूव्ही इंक पृष्ठभागात मुरत नाही, वर बसते आणि दिव्याखाली क्षणात घट्ट होते. घट्ट होताना आकसते. तो ताण पकडीवर सतत राहतो आणि पाणी कडेतून आत शिरलं की पकड सुटते. यापुढे २४ तासांआधीचा कुठलाही निकाल वहीत धरायचा नाही.

१६ जून

प्रायमरला हात लावण्याआधी स्वच्छता. याला जेवढा वेळ गेला तेवढा वाया गेला असं वाटत होतं, पण पुढचं सगळं यावरच उभं राहिलं.

काच आणि स्टीलसाठी सगळ्यात स्वस्त चाचणी पाण्याची. वस्तू पाण्याखाली धरून उभी करायची. पाण्याचा सलग पडदा अर्धा मिनिट टिकला तर पृष्ठभाग स्वच्छ. पडदा फाटून थेंब झाले तर तिथे तेल, मेण किंवा हाताचा घाम आहे. नव्या काचेवर पाणी जागोजागी फाटलं. कापताना लावलेलं तेल आणि कागदाच्या डिंकाचा अंश, दोन्ही होतं. आधी साबणाचं कोमट पाणी, मग साधं पाणी, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) असा क्रम ठेवल्यावर पडदा टिकला. थेट आयपीएने पुसलं की तेल फक्त पसरतं. (प्लास्टिक आणि पावडर कोटिंगवर ही चाचणी चालत नाही, तिथे पाणी स्वच्छ असतानाही गोळा होतं.)

आयपीए ९९ टक्क्यांचाच घ्यावा. सॅनिटायझर वापरू नये, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते मागे राहतं. दोन कपडे लागतात: एक ओला, लगेच त्यामागून दुसरा कोरडा, आयपीए उडून जायच्या आत. उडून गेला तर विरघळलेली घाण तिथेच परत बसते.

कपड्याचीही गोष्ट आहे. आमच्याकडे पुसायला इचलकरंजीच्या मागावरच्या चिंध्या किलोवर येतात. कोऱ्या कापडाला कांजी असते. ती काळ्या बाटलीवर पांढरट भुकटीसारखी दिसली, काचेवर दिसलीच नाही पण छपाईत बारीक टिपके उठले. चिंध्या दोनदा गरम पाण्यात धुऊन, कंडिशनर न घालता वाळवल्यावर टिपके गेले. काचेसाठी आता फक्त तंतू न सोडणारे वाइप्स.

२० जून

काच. इथे निवड सोपी: सायलेन असलेला काचेचा प्रायमर. सायलेनचं एक टोक काचेच्या पृष्ठभागाशी रासायनिक बंध करतं, दुसरं इंकमध्ये गुंततं. कोऱ्या काचेवर इंक छान पसरते, कोरडी असेपर्यंत काच तिला धरूनही ठेवते, पण पाण्यासमोर सायलेनचा बंधच टिकतो. "काचेवर प्रायमरशिवाय चिकटतं की" म्हणणाऱ्यांनी तुकडा एक रात्र बादलीत ठेवून पाहावा.

पहिल्या तुकड्यांवर प्रायमर सढळ हाताने लावला. वाळल्यावर तिरप्या उजेडात धुरकट डाग दिसले आणि टेपने नेमकी तिथेच छपाई गेली. हा थर जितका जाड तितका दुबळा. वाइप ओला करायचा, पिळायचा, एका दिशेने एकच हात फिरवायचा. काचेवर काही लावलंय हे दिसता कामा नये.

तरीही काही तुकडे पास, काही नापास, एकाच शीटमधले. इथे दोन दिवस अडकलो. कारण काचेच्या बाजूत निघालं. फ्लोट काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवतात, त्यामुळे एका बाजूला कथिलाचा अंश राहतो. आमच्या प्रायमरने हवेच्या बाजूला पक्कं धरलं, कथिलाच्या बाजूला अर्धवट. बाजू ओळखायला २५४ नॅनोमीटरचा छोटा दिवा लागतो, अंधारात कथिलाची बाजू दुधाळ चमकते. नोटा तपासायच्या साध्या जांभळ्या टॉर्चने हे दिसत नाही, ती लांब तरंगाची असते. २५४ चा दिवा डोळ्यांवर आणि कातडीवर येऊ देऊ नये, चष्मा आणि हातमोजे घालूनच. काचवाल्याकडे आता हवेच्या बाजूला स्टिकर लावून मागतो, तो हसला नाही, दिव्याखाली दाखवल्यावर स्वतःच लावायला लागला.

प्रायमर लावल्यावर काच गरम पेटीत ८० अंशांवर अर्धा तास ठेवली आणि पूर्ण गार झाल्यावर छापली. पाण्याची रात्र, टेप, घासणी, तिन्हींत पास. काच संपली. या कामातला सगळ्यात सरळ भाग हाच.

२७ जून

पीपी. डब्याचं झाकण. प्लास्टिकवर इंक किती पसरेल ती क्षमता डाईन पेनने (एकेका आकड्याची शाई भरलेल्या पेनांनी) मोजतात: रेघ ओढली आणि ती सलग राहिली तर त्या आकड्याइतकी क्षमता आहे, थेंब झाले तर कमी. छपाईला किमान ३८ धरतात. कोऱ्या पीपीची क्षमता ३० च्या आसपास, तिथे ३४ चं पेनसुद्धा लगेच थेंब थेंब झालं.

पहिला उपाय शाहूपुरीत मिळाला. गाड्यांचे बंपर पीपीचेच असतात आणि त्यांच्या रंगाआधी मारायचा पारदर्शक प्लास्टिक प्रायमर गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानात मिळतो. क्लोरिनेटेड पॉलिओलेफिनचा असतो. हलका फवारा मारला, वाळू दिला, छापलं. पकड चांगली, पाण्यातही टिकली. जरा जास्त बसला तिथे मात्र इंकला सुरकुत्या. आत अडकलेला द्रावक (प्रायमर पातळ ठेवणारं थिनर) बाहेर यायला धडपडतो आणि वर इंकचं झाकण बसलेलं असतं.

तरी हा मार्ग सोडला. झाकण जेवणाच्या डब्याचं आहे. छपाई बाहेरच्या बाजूला असली तरी फवारा कडेवरून आत जातो, टोल्युइन-झायलिनचा वास प्लास्टिक बराच काळ धरून ठेवतं. दुसऱ्या दिवशी झाकण बंद करून उघडलं तेव्हा वास आला. पोरं यात भात-भाजी नेणार. टूलबॉक्स असता तर हाच प्रायमर वापरला असता.

३ जुलै

पीपीला ज्योत. गॅसची निळी, भरपूर हवा घेतलेली ज्योत झाकणावरून झपकन फिरवली की वरचा अगदी पातळ थर ऑक्सिडाइज होतो आणि इंक त्यावर पसरते. काही लावायचं नाही, वास नाही, खर्च जवळपास नाही.

हाताने जमत नाही हे मात्र लगेच कळलं. ज्योत पिवळी असली तर काजळी बसते. सावकाश फिरवली तर झाकण वाकतं आणि पृष्ठभाग चकाकतो, आणि अशा जास्त भाजलेल्या जागी पकड उलट कमी होते. घाईत फिरवली तर मधेच पट्टे सुटतात. डाईन पेन लावल्यावर हे पट्टे स्पष्ट दिसतात, एका बोटावर सलग रेघ, पुढच्या बोटावर थेंब.

म्हणून भंगारातल्या एका जुन्या प्लॉटरची रेल आणि मोटर काढून त्यावर झाकण ठेवायची ट्रे बसवली. बर्नर स्थिर, ट्रे सरकते. आतल्या निळ्या सुळक्याचं टोक झाकणापासून बोटभर वर ठेवलं आणि वेग वाढवत नेला. झाकण वाकायचं बंद झालं आणि ४२ चं पेन कडेपासून कडेपर्यंत सलग राहिलं, तिथे मोटरच्या बटणावर खूण केली.

ज्योतीचा परिणाम टिकाऊ नसतो, हात लागला तरी जातो. सकाळी ज्योत मारलेली झाकणं त्याच दिवशी छापायची, कडेने धरायची, एकमेकांवर रचायची नाहीत. चाचणीत २४ तासांनी टेपला पास, पाण्यानंतर पास, घासणीत रंग थोडा मंद झाला पण कपची नाही.

ही रेल मागच्या उघड्या शेडमध्ये आहे. आयपीए, प्रायमर, इंक यातलं काही त्या शेडमध्ये न्यायचं नाही. पुसलेली झाकणं पूर्ण सुकल्याशिवाय ट्रेवर ठेवायची नाहीत.

१० जुलै

बाटल्या. संख्येने सगळ्यात मोठं काम आणि सगळ्यात अवघडही.

चकचकीत निळीला धातूसाठीचा पुसून लावायचा प्रायमर चालला: स्वच्छता, पातळ हात, काही मिनिटं थांबणं, छपाई. मॅट काळीला तोच प्रायमर, त्याच हाताने लावलेला, पाण्यानंतर टिकला नाही. दोन्ही बाटल्या एकाच कारखान्याच्या, स्टील तेच. फरक फक्त वरच्या पावडरचा.

जवळच्या पावडर कोटिंगवाल्या काकांकडे दोन्ही नेल्या. त्यांनी काळीवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "यात वॅक्स आहे बाबा. मॅट दिसायला आणि ओरखडा कमी उठायला घालतात. तुझी इंक पावडरला धरतच नाही, वॅक्सला धरतीय." हे मेण पावडरच्या आतच असतं, भट्टीत वर येऊन बसतं. आयपीएने कितीही पुसा, पुसलं जात नाही.

पर्याय तीन होते. राखाडी, अगदी बारीक स्कॉच-ब्राइटने बोधचिन्हाची जागा घासायची. पकड उत्तम आली, पण घासलेला चौकोन चिन्हाच्या भोवती चमकतो आणि मॅट काळ्यावर तो लांबूनही दिसतो. चिन्हाच्याच आकाराचं मास्किंग लावून घासायचं तर दर बाटलीला मजुरी परवडत नाही. दुसरा, काळ्या बाटल्या रद्द करून निळ्याच घ्यायच्या. पतसंस्थेने दोन रंग छापील पत्रकात दिलेत, तयार नव्हते. तिसरा, ज्योत आणि वरून प्रायमर.

ज्योतीने काळीवरचं ३६ चं पेन ४४ ला गेलं. त्यावर तोच प्रायमर पातळ लावल्यावर पाण्याची रात्र आणि घासणी दोन्ही पार पडलं. नुसती ज्योत पुरली नाही, नुसता प्रायमरही नाही. दोन्ही मिळून धरलं.

एक धोका. ही दुहेरी भिंतीची बाटली आहे, मधे निर्वात. बाहेरच्या पातळ पत्र्याची उष्णता आत जायला वाट नाही, त्यामुळे तो क्षणात तापतो. बाटली फिरती ठेवूनच ज्योत द्यायची, एक फेरा, आणि गार झाल्यावरच प्रायमर. गरम पत्र्यावर प्रायमर लावला की द्रावक लागलीच उडतो आणि रेषा उमटतात.

१८ जुलै

कपडा फिरवून प्रायमर लावायला बाटलीमागे वेळ जातो म्हणून स्प्रे गनने मारून पाहिला. पाऊस कोसळतोय, वर्कशॉपमधली आर्द्रता सकाळी ८८ टक्के. पहिल्याच फवाऱ्यात प्रायमर दुधाळ झाला. द्रावक भरभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं. अशा दुधाळ थरावर छापलेलं टेपने प्रायमरसकट येतं.

बाटल्या रात्रभर गरम बल्बच्या पेटीत ठेवून खोलीपेक्षा किंचित कोमट घेतल्या, कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा सापळा बसवला, टाकीतलं पाणी दर सकाळी सोडायला लागलो. बल्बच्या पेटीला आणि सापळ्याला मिळून तीन हजारांच्या आत खर्च. दुधाळपणा गेला.

तो गेला आणि फिश आय सुरू झाले. प्रायमरमध्ये गोल गोल उघडी भोकं, बाटलीचा रंग आतून दिसतो. हे सिलिकॉनचं लक्षण. आमच्याकडे सिलिकॉनचा एकही डबा नाही. बाटल्या पुन्हा धुतल्या, प्रायमरचा नवीन डबा फोडला, गन उघडून धुतली. भोकं तशीच.

शेवटी कॉम्प्रेसरची नुसती हवा स्वच्छ आरशावर मिनिटभर सोडली आणि त्यावर पाणी ओतलं. जिथे हवा लागली होती तिथे पडदा फाटला, बाकीच्या आरशावर सलग. घाण हवेतूनच येत होती. कॉम्प्रेसरची हवा ओढायची बाजू मागच्या भिंतीकडे होती आणि भिंतीपलीकडच्या प्लास्टिक मोल्डिंगच्या शेडमध्ये साच्यावर सिलिकॉन स्प्रे मारतात. कॉम्प्रेसर समोरच्या बाजूला हलवला, फिल्टर बदलला आणि पूर्ण होजही बदलला, कारण सिलिकॉन होजच्या आतल्या रबराला एकदा लागलं की महिनोन्महिने सुटत राहतं. आरशावर परत चाचणी, पडदा सलग.

या सगळ्यात आठवडा गेला. फवारा आता नीट बसतो, तरी बाटल्यांना कपड्यानेच लावायचं ठरवलं. गनमध्ये निम्म्याहून जास्त प्रायमर हवेत जातो आणि हा प्रायमर स्वस्त नाही.

फवारणी करताना धुळीचा कापडी मास्क उपयोगाचा नाही. कार्बनच्या डब्यांचा मास्क लागतो, नायट्राइलचे हातमोजे लागतात. न वाळलेली यूव्ही इंक कातडीला लागत राहिली तर अ‍ॅलर्जी बसते आणि एकदा बसली की थोड्या इंकनेही उठते. ऑपरेटरच्या मनगटावर पुरळ आल्यापासून लांब मनगटाचे मोजे आणलेत.

२५ जुलै

छपाईच्या धांदलीत सुद्धा रोज सकाळी आदल्या दिवशीचे नमुने तपासायचे ठरवलंय, आणि आज एक निळी बाटली नापास. प्रायमर तोच, हात तोच, काल-परवा पास झालेली. हे नापास होणं उपयोगी ठरलं, कारण टेपवर काय आलं ते भिंगाखाली नीट पाहिलं.

टेपवर आलेल्या कपचीला तीन ठिकाणं असू शकतात जिथून ती तुटली. कपचीच्या मागे प्रायमरची पारदर्शक पापडी असेल आणि बाटली तिथे कोरी असेल, तर प्रायमरच बाटलीला धरला नाही: स्वच्छता, मेण, ओलावा, यातलं काही. कपचीच्या मागे फक्त स्वच्छ कोरडी इंक असेल आणि प्रायमर बाटलीवरच असेल, तर प्रायमर जास्त जाड, जास्त जुना, किंवा लावून फार वेळ झाला. आणि कपची मधेच फाटली असेल, अर्धा पांढरा टेपवर आणि अर्धा बाटलीवर, तर दोष प्रायमरचा नाहीच, इंक खालपर्यंत घट्ट झालेली नाही.

आजची बाटली तिसऱ्या प्रकारची. कपचीची मागची बाजू बोटाला किंचित चिकट लागली, इंकचा वास आला. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतो आणि तो दिव्याचा उजेड अडवतो. वरचा भाग घट्ट होतो, तळाला उजेड पोचत नाही. पांढरा जास्त उठावदार दिसावा म्हणून काल ऑपरेटरने पांढऱ्याचं प्रमाण वाढवलं होतं. आता पांढरा दोन पातळ थरांत, प्रत्येक थराला दिव्याचा स्वतंत्र फेरा. दर बाटलीला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ वाढतो. तरी तेच.

बाजारात असं काही झालं की पहिल्यांदा प्रायमर बदलतात, मग दुसरा महागडा प्रायमर आणतात, आणि इंक तशीच अर्धी कच्ची राहते. ३०० रुपयांचं भिंग आधी घ्या.

४ ऑगस्ट

बाटल्यांची रोजची छपाई सुरू. क्रम असा बसलाय: सकाळी धुलाई आणि वाळवण, काळ्यांना ज्योत, गार झाल्यावर प्रायमर, त्याच दुपारी छपाई. प्रायमर लावलेलं काहीही रात्री शिल्लक ठेवायचं नाही. प्रायमर मोठ्या बाटलीतून लहान बाटलीत घेऊनच वापरायचा. मोठी बाटली दिवसभर उघडी राहिली तर ओलावा खाते. ओला वाइप परत बाटलीत बुडवायचा नाही.

आयपीए, प्रायमर, वाइप्स, हातमोजे, गॅस आणि मजुरी धरून तयारीचा खर्च निळ्या बाटलीला पाच रुपयांच्या आसपास, काळीला आठच्या आसपास पडतोय. दर देताना हा आकडा धरला नव्हता, फक्त इंक आणि मशिनचा वेळ धरला होता. पुढच्या कामाला तयारीचा दर वेगळा लिहिणार.

पतसंस्थेचे व्यवस्थापक पाहायला आले. "एवढ्याशा चिन्हाला इतका खटाटोप का हो?" त्यांच्या हातात पहिल्या दिवशीची प्रायमर नसलेली काळी बाटली आणि नवीन काळी बाटली, दोन्ही दिल्या आणि नखाने खरवडायला सांगितलं. त्यानंतर त्यांनी तारखेबद्दल विचारलं, खर्चाबद्दल नाही.

१२ ऑगस्ट

अ‍ॅक्रिलिकचे स्टँड. यूव्ही इंक अ‍ॅक्रिलिकला बहुतेक वेळा प्रायमरशिवाय धरते, इथेही धरली. अडचण वेगळीकडून आली. लेझरने कापलेल्या कडांजवळ आयपीएने पुसताच बारीक तडे उमटले, केसासारखे, कडेपासून आत. लेझरच्या उष्णतेने कडेत ताण राहतो आणि अल्कोहोल लागलं की तो तिथे फुटतो. उरलेले स्टँड ८० अंशांच्या पेटीत काही तास ठेवून सावकाश गार केले आणि सौम्य साबणाच्या पाण्याने पुसले. तडे नाहीत. थिनर तर अ‍ॅक्रिलिकजवळ नेऊच नका.

२२ ऑगस्ट

गणपतीआधी माल हातावेगळा करायचा होता. काच, डबे, स्टँड पोचले. शेवटच्या काळ्या बाटल्यांना व्हार्निशचा थर द्यायचा की नाही यावर चर्चा झाली. व्हार्निश फक्त चिन्हावर न देता चिन्हाच्या कडेबाहेर मिलिमीटरभर नेलं तर पाणी कडेतून शिरायला वेळ लागतो. मात्र बाहेर गेलेल्या त्या मिलिमीटरखालीही ज्योत आणि प्रायमर हवाच, नाहीतर व्हार्निशचीच कडा उचलते आणि इंकला घेऊन वर येते. प्रायमरची जागा चिन्हाच्या चारी बाजूंनी बोटभर जास्त घेतोच, त्यामुळे जमलं. घासणीच्या चाचणीत रंग मंद होणंही निम्म्याने कमी झालं. सगळ्या बाटल्यांना हे आधीपासून केलं असतं तर बरं झालं असतं, आता अर्ध्या बाटल्या व्हार्निशशिवाय गेल्यात.

९ ऑक्टोबर

सभा झाली, बाटल्या घरोघर गेल्या. पतसंस्थेतून काही परत आल्या, त्या मागवूनच घेतल्या होत्या.

बहुतेकांवर तारेच्या घासणीचे ओरखडे आहेत. तिथे इंकबरोबर पावडर कोटिंगही स्टीलपर्यंत गेलंय, त्याला कोटिंगवर उपाय नाही. संस्थेने आता बाटलीबरोबर मऊ स्पंजची सूचना छापायची ठरवलीय.

उरलेल्या सगळ्या काळ्या आहेत आणि सगळ्यांत छपाई एकाच जागी सुटलीय: चिन्हाखालच्या स्थापना वर्षाच्या ओळीत, तळाच्या वळणाजवळ. भिंगाखाली पाहिलं, कपचीमागे प्रायमर आहे, बाटली कोरी. म्हणजे वळणावर ज्योत पोचलीच नव्हती. बर्नर सरळ भागाला काटकोनात होता आणि तळाचा भाग आत वळल्यामुळे ज्योतीपासून लांब पडत होता. चाचणीचे नमुने आपण नेहमी चिन्हाच्या मधोमध रेघा मारून तपासले, खालच्या ओळीवर कधी मारल्या नाहीत.

त्या बाटल्यांवरची छपाई खरवडून, वळणाकडे बर्नर तिरपा करून परत छापून देतोय, खर्च आमचा. रेघा आता सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या अक्षरावर मारायच्या. दिवाळीआधीच्या दुसऱ्या ऑर्डरमध्ये मजकूर वळणापासून दीड सेंटिमीटर वर घेतलाय आणि पहिल्या बर्नरशेजारी दुसरा, तिरपा बर्नर बसवायला दिलाय.